अधिवेशनात आलेलं विधेयक गाठायचं कसं, वाचायचं कसं : गोव्यातल्या नवख्यांसाठी

पेपरात चार ओळी येतात: ‘अमुक दुरुस्ती विधेयकाला मंत्रिमंडळाची मान्यता, येत्या अधिवेशनात मांडणार.’ संध्याकाळपर्यंत गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दोन तट पडतात. विधेयक मात्र कोणीच वाचलेलं नसतं. ते आठवडाभराने हातात येतं तेव्हा बहुतेक वेळा संमत होऊन गेलेलं असतं.

गोव्याच्या विधानसभेत ४० आमदार आहेत आणि सभागृह एकच. महाराष्ट्राच्या बातम्या वाचणाऱ्यांना ‘विधानसभेत संमत, आता परिषदेत अडकलं’ हे ऐकायची सवय असते. इथे विधान परिषद नाही. पर्वरीत, म्हणजे विधानसभेत, हात वर झाले की पुढचा मुक्काम थेट राज्यपाल. त्यात अधिवेशनं छोटी. गोवा भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक तीन दिवसांच्या अधिवेशनात शेवटच्या दिवशी, ३० जुलै २०२१ रोजी संमत झालं. ३० वर्षं गोव्यात राहणाऱ्याला ‘भूमिपुत्र’ ठरवायचं आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या, २५० चौरस मीटरपर्यंतच्या घराची मालकी मागायचा हक्क त्याला द्यायचा, असा मजकूर होता. त्यावर गावोगाव चर्चा झाली ती संमत झाल्यानंतर. विरोध एवढा वाढला की मुख्यमंत्र्यांना ‘भूमिपुत्र’ हा शब्द काढायची घोषणा करावी लागली आणि विधेयकाचा कायदा झालाच नाही. पण दर वेळी असं नशीब नसतं.

पंच, कोमुनिदादचे (गावाच्या सामायिक जमिनीच्या संस्थेचे) गांवकार, कूळ-मुंडकार (मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर असलेला), शिक्षक, छोटे व्यावसायिक, नव्याने वार्तांकन करणारे, अशा कोणालाही वकील न होता विधेयक वाचता यावं आणि त्यावर वेळेत बोलता यावं, एवढ्यासाठी ही वाट लिहिली आहे.

आधी हे जमवा

- अधिवेशनाचं वेळापत्रक आणि रोजची कामकाजाची यादी
- विधेयकाची पूर्ण प्रत, शेवटच्या परिशिष्टासकट
- मूळ कायदा आणि त्यातल्या आजवरच्या सगळ्या दुरुस्त्या
- त्या कायद्याखालचे नियम, असल्यास
- दोन रंगांची पेनं आणि कागदावर छापलेली प्रत. मोबाईलच्या पडद्यावर विधेयक वाचता येत नाही. नजर दोन कागदांमध्ये ये-जा करावी लागते.
- इंग्रजी समजणारा एक सोबती. राजभाषा कायदा १९८७ चा, कोंकणी राजभाषा, मराठीचा शासकीय वापर मान्य, सभागृहात आमदार कोंकणी, मराठी, इंग्रजी तिन्ही बोलतात, हे सगळं खरं. पण घटनेच्या कलम ३४८ मुळे विधेयकाचा अधिकृत मजकूर इंग्रजीत येतो. मराठी बातमीतला सारांश म्हणजे विधेयक नव्हे.

## १. तारखा आधी धरा

घटनेच्या कलम १७४ प्रमाणे दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू शकत नाही. वर्षातलं पहिलं अधिवेशन राज्यपालांच्या अभिभाषणाने सुरू होतं. अर्थसंकल्पाचं त्यानंतर, आणि लांबलचक असतं ते सहसा जुलै-ऑगस्टचं पावसाळी अधिवेशन.

अधिवेशन बोलावल्याची अधिसूचना निघाली की विधानसभेच्या संकेतस्थळावर कोणत्या दिवशी काय, याचं कोष्टक येतं. शुक्रवार खाजगी सदस्यांच्या, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदारांच्या, कामकाजाचा असतो, तेव्हा सरकारी विधेयकांसाठी बाकीचे दिवस बघा. अधिवेशनाच्या शेवटच्या दोन दिवसांवर लाल खूण करा, कारण विधेयकांची गर्दी तिथेच होते.

रोजच्या कामकाजाच्या यादीत एकच विधेयक दोन वेगळ्या दिवशी दिसतं: एकदा ‘मांडणे’, नंतर ‘विचारात घेणे व संमत करणे’. नवखे पहिल्या दिवशी गोंधळ घालून दमतात. मांडताना चर्चा जवळजवळ नसतेच. खरा दिवस दुसरा. आणि कधी कधी ही दोन्ही कामं सलग दोन दिवसांत उरकतात, तेव्हा ‘मांडणे’ हा शब्द दिसताच पुढची पायरी धरा.

एक खाच : विधानसभा बसलेली नसताना सरकारने अध्यादेश काढला असेल, तर त्याची जागा घेणारं विधेयक पुढच्या अधिवेशनात येतं. अध्यादेश सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत गळून पडतो, म्हणून या विधेयकांना घाई असते. पण वाचणाऱ्याच्या हे पथ्यावर पडतं, कारण मजकूर अध्यादेशाच्या रूपाने आधीच राजपत्रात आलेला असतो.

## २. मजकूर मिळवा, पण नेमका तोच

तीन ठिकाणं बघा.

पहिलं, विधानसभेचं संकेतस्थळ. मांडलेल्या विधेयकांची पीडीएफ तिथे चढते.

दुसरं, गोवा सरकारचं राजपत्र. छपाई व लेखनसामग्री खात्याच्या संकेतस्थळावर ते मोफत उतरवता येतं. छापील अंक पणजीत महात्मा गांधी मार्गावरच्या सरकारी छापखान्यातून निघतात. राजपत्राच्या तीन मालिका असतात. विधेयकं, कायदे, अध्यादेश आणि नियम पहिल्या मालिकेत येतात. दुसरीत बदल्या-नेमणुका, भूसंपादन वगैरे, तिसरीत नोटिसा. नवखे दुसऱ्या मालिकेत तासभर शोधतात आणि ‘अपलोडच केलं नाही’ म्हणून मोकळे होतात.

नेहमीचा अंक गुरुवारी. पण महत्त्वाचं बरंच काही ‘असाधारण’ अंकात येतं आणि तो कोणत्याही वारी निघतो. फाइलच्या नावातच पत्ता असतो: ‘२१२२-१८-एसआय-ईओजी-१’ असं नाव दिसलं तर ते २०२१-२२ या वर्षातला १८ वा अंक, पहिली मालिका, असाधारण. राजपत्राचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. फेब्रुवारीतलं विधेयक शोधताना आदल्या सालापासून सुरू होणाऱ्या जोडीत बघा.

तिसरं, तुमचा आमदार. विधेयकाची प्रत सगळ्या सदस्यांना वाटली जाते. आमदाराच्या कार्यालयात फोन करून ‘कालच्या यादीतल्या अमुक विधेयकाची प्रत फोटो काढून पाठवाल का’ एवढंच विचारलं, तर बहुतेक कार्यालयं पाठवतात.

हातात आलेली प्रत तीन गोष्टींवर तपासून घ्या.

शीर्षक पुरतं वाचा. एकाच वर्षात एकाच कायद्याची ‘दुरुस्ती’, ‘दुसरी दुरुस्ती’, ‘तिसरी दुरुस्ती’ अशी विधेयकं येतात. पंचायत राज कायद्यावर बोलायला उठलेल्या माणसाच्या हातात भलतीच दुरुस्ती असते, हे काही नवलाचं नाही.

विधेयकाचा क्रमांक आणि कायद्याचा क्रमांक वेगळे. सालसुद्धा वेगळं असू शकतं. वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरीच्या कायद्याच्या नावात २०१२ आहे, पण तो २०१६ चा २३ वा गोवा कायदा आहे. नुसतं साल टाकून शोधणाऱ्याला तो सापडत नाही.

मांडलेली प्रत आणि संमत झालेली प्रत एकच असेल असं धरू नका. मधे सरकारी दुरुस्ती आलेली असू शकते.

## ३. विधेयक मागून वाचायला घ्या

पहिल्या पानावर लांबलचक नाव आणि ‘या कायद्याला अमुक म्हणावं’ असतं. तिथे अडकू नका, शेवटच्या पानांवर जा. तिथे चार तुकडे असतात.

उद्देश आणि कारणे. विधेयक का आणलं, याचं खात्याने दिलेलं स्पष्टीकरण. बहुतेक वेळा इथे कलमवार सांगितलेलं असतं: कलम ३ मध्ये बदल करून अमुक साधायचं आहे. खुणा करून ठेवा, नंतर कलमांशी ताडायचं आहे. कलमात असलेली पण या निवेदनात नसलेली गोष्ट सापडली, की तुमचा प्रश्न तयार झाला. आणि हे लक्षात असू द्या की या निवेदनाला कायद्याचं बळ नाही. ‘फक्त गरजूंसाठी’ असं इथे लिहिलेलं असलं आणि कलमात ‘कोणतीही व्यक्ती’ असलं, तर चालणार ते कलमच.

वित्तीय निवेदन. खर्च किती, कुठून. ‘या विधेयकामुळे कोणताही आर्थिक भार येत नाही’ हे वाक्य फार वेळा दिसतं. विधेयकात नवं प्राधिकरण, नवा अधिकारी किंवा नवी समिती असेल आणि तरी हे वाक्य असेल, तर ते काम कोण करणार हे विचारा. उत्तर बहुधा ‘मामलेदार’ असतं. मामलेदाराकडे आधीच किती फायली आहेत ते कुळांना आणि मुंडकारांना विचारावं.

प्रत्यायोजित विधिविधानाचं निवेदन. नाव जड, अर्थ साधा: कोणत्या गोष्टी सरकार पुढे नियमांनी किंवा अधिसूचनेने ठरवणार. अख्ख्या विधेयकात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे पान, आणि सगळ्यात कमी वाचलं जातं तेही हेच. शुल्क, मुदत, पात्रता, अर्जाचा नमुना, अपिलाची रीत हे सगळं ‘नियमांनी विहित’ असेल, तर सभागृहापुढे आलंय ते नुसतं रिकामं मडकं. नगर नियोजन कायद्यातलं कलम १७(२) घ्या. २०२३ च्या दुरुस्तीने ते आलं, प्रादेशिक आराखड्यातल्या ‘चुका’ दुरुस्त करण्यासाठी. वाद पेटला तो त्याखालच्या नियमांवर आणि दिल्या गेलेल्या जमिनीच्या विभाग-बदलांवर (झोन बदलण्यावर). मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते नियम रद्द केले.

परिशिष्ट. दुरुस्ती विधेयक असेल तर मूळ कायद्यातली संबंधित कलमं इथे उतरवलेली असतात. पुढच्या पायरीची कच्ची सामग्री ही.

राज्याच्या तिजोरीतून खर्च होणार असेल तर घटनेच्या कलम २०७ खालची राज्यपालांची शिफारसही जोडलेली दिसेल. तो सोपस्कार आहे, राज्यपालांनी विधेयकाला पाठिंबा दिला असा त्याचा अर्थ नाही.

## ४. मूळ कायदा शेजारी ठेवा

दुरुस्ती विधेयक एकटं वाचून काही कळत नाही. त्यात एवढंच लिहिलेलं असतं: ‘मूळ कायद्याच्या कलम २ च्या खंड अमुकमध्ये, अमुक शब्द वगळावेत.’ तीन क्रियापदं ओळखायला शिका. ‘वगळणे’, ‘ऐवजी घालणे’ आणि ‘समाविष्ट करणे’. इंग्रजीत ओमिट, सबस्टिट्यूट, इन्सर्ट.

काम असं करा. मूळ कलम कागदावर मोठ्या अक्षरात छापून घ्या. वगळलेले शब्द लाल पेनाने खोडा. नवे शब्द निळ्याने मधे लिहा. मग ते कलम सलग, मोठ्याने वाचा. हे न करता विधेयकावर मत देणाऱ्याचं ऐकू नका.

एका शब्दाने काय होतं ते माडाने गोव्याला शिकवलं आहे. झाडे जतन करण्याचा कायदा १९८४ चा. २०१६ च्या दुरुस्तीने ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येतून माड बाहेर काढला. त्या विधेयकात ‘माड कापायला मोकळीक’ असं वाक्य शोधलं असतं तर सापडलं नसतं. माडाचा बदल होता तो व्याख्येत. पण परवानगीची कलमं ‘झाडा’ला लागू, आणि माड झाडच नाही म्हटल्यावर परवानगीचा प्रश्नच संपला. २०१७ मध्ये पुन्हा दुरुस्ती करून माड आत घेतला गेला. म्हणून व्याख्येचं कलम बदलत असेल, तर तो शब्द अख्ख्या कायद्यात कुठे कुठे येतो ते शोधा. पीडीएफमध्ये शोध टाकला की दोन मिनिटांचं काम.

मूळ कायदा शोधताना गोव्यात तीन ठिकाणी पाय घसरतो.

एक, नावं. घटक राज्य होण्याआधीचे, म्हणजे ३० मे १९८७ पूर्वीचे बरेच कायदे ‘गोवा, दमण आणि दीव’ या नावाने आहेत. मुंडकार संरक्षण कायदा १९७५ चा, झाडांचा १९८४ चा. ‘गोवा’ टाकून सरळ शोधलं तर यादीत ते भलत्या जागी असतात.

दोन, पोर्तुगीज काळातला कायदा. कोमुनिदादची संहिता म्हणजे १५ एप्रिल १९६१ चा लेजिस्लेटिव्ह डिप्लोमा क्रमांक २०७०. त्यात ‘कलम’ नाही, ‘आर्टिकल’ असतं, आणि दुरुस्ती विधेयकाच्या नावातही ‘डिप्लोमा’च येतो. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात कोमुनिदाद जमिनीवरची २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीची घरं नियमित करण्याची तरतूद याच डिप्लोमात दुरुस्ती करून घातली गेली. ‘कोमुनिदाद कायदा’ असं काहीतरी शोधणाऱ्यांच्या हाती काही लागलं नसेल.

तीन, केंद्राचा कायदा पण गोव्याची दुरुस्ती. मुद्रांक, नोंदणी अशा विषयांत मूळ कायदा संसदेचा असतो आणि नावात ‘गोवा दुरुस्ती’ येतं. इंडिया कोड या केंद्र सरकारच्या कायद्यांच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या केंद्रीय प्रतीत गोव्याच्या आधीच्या दुरुस्त्या असतीलच असं नाही. राज्याचे कायदेसुद्धा तिथे शेवटच्या दुरुस्तीपर्यंत जोडलेले आहेत ना, ते तळटीपा बघून खात्री करा. नसतील तर राजपत्रातून एकेक दुरुस्ती काढून हाताने चिकटवावी लागते. कंटाळवाणं काम, पण हे चुकलं तर पुढचं सगळं चुकतं.

## ५. हे शब्द दिसले की थांबा

‘शॅल’ आणि ‘मे’. पहिल्याने करावंच लागतं, दुसऱ्याने करता येतं. ‘सरकार सूचना मागवू शकेल’ म्हणजे मागवेलच असं नाही.

‘नॉटविथस्टँडिंग’. या किंवा दुसऱ्या कायद्यात काहीही असलं तरी. म्हणजे हे कलम बाकीच्यांच्या डोक्यावर बसलं. कोणाकोणाच्या, ते यादी करून लिहा.

‘डीम्ड’. तसं नसलं तरी तसं मानायचं. मुदतीत उत्तर न दिल्यास परवानगी दिली असं मानलं जाईल, हा याचा नेहमीचा अवतार.

‘प्रोव्हायडेड दॅट’. परंतुक. कलमाने डाव्या हाताने दिलेलं उजव्या हाताने काढून घेण्याची जागा.

‘विहित’. वर सांगितलंच आहे, नियमांची वाट बघा.

न्यायालयाच्या अधिकाराला मनाई करणारं कलम आहे का? अपील कोणाकडे? ज्या अधिकाऱ्याने निर्णय दिला त्याच्याच खात्याच्या सचिवाकडे अपील असेल तर ते नोंदवा. चांगल्या हेतूने केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर खटला नाही, हे कलम मात्र जवळपास प्रत्येक कायद्यात असतं, त्यावर शक्ती घालवू नका.

आणि अंमल कधीपासून? ‘तात्काळ’, ‘सरकार ठरवेल त्या तारखेपासून’ की ‘मागच्या अमुक तारखेपासून अमलात आलं असं मानून’? तिसरा प्रकार दिसला तर आधी झालेलं काहीतरी कायदेशीर करून घ्यायचं आहे. ते काय, हे शोधा.

## ६. सूचना एका पानात

‘हे विधेयक गोंयकारविरोधी आहे, मागे घ्या’ असं पत्र आमदार वाचतो, मान हलवतो आणि फायलीत ठेवतो. सभागृहात उभं राहून त्याला वापरता येईल असा कागद द्या. नमुना म्हणून एक काल्पनिक कलम घेऊ:

*विधेयकाचं कलम ४.* अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत पंचायतीने निर्णय कळवला नाही, तर परवानगी दिली असं मानलं जाईल.

*अडचण.* पंचायत मंडळाची बैठक पंधरवड्यातून एकदा. अर्ज बैठकीच्या आदल्या दिवशी आला तर सचिवाला जागेची पाहणी करून विषय त्या बैठकीत ठेवायला वेळच उरत नाही, आणि पुढच्या बैठकीपर्यंत मुदत संपत आलेली असते. अपुऱ्या कागदांचा अर्जही १५ दिवसांनी मंजूर मानला जाईल.

*सुचवलेला मजकूर.* ‘अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत’ याऐवजी ‘सर्व कागदपत्रांसह पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत’.

*परंतुक जोडावं.* जलस्रोत, शेतजमीन किंवा सार्वजनिक वाटेला लागून असलेल्या जागेला हे कलम लागू होणार नाही.

एवढंच. कलम क्रमांक, अडचण, नवा मजकूर. तीनपेक्षा जास्त कलमांवर बोलायचं असेल तर जे सगळ्यात टोचतं ते वर ठेवा, बाकीचं मागच्या पानावर. सुचवलेला मजकूर इंग्रजीतही द्या, कारण आमदाराला दुरुस्तीची लेखी सूचना त्याच शब्दांत द्यावी लागते. मजकूर रचणं जमत नसेल तर ओळखीच्या वकिलाकडून तेवढी एक ओळ तपासून घ्या.

## ७. कागद कोणाकडे न्यायचा

विधेयक ज्या खात्याचं, त्या मंत्र्याला आणि खात्याच्या सचिवाला पहिली प्रत. दुसरी तुमच्या आमदाराला. तिसरी विरोधी पक्षनेत्याला. क्रम मुद्दाम असा सांगतो आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसचे ८ आमदार भाजपमध्ये गेले आणि विरोधी बाकांवर ७ जण उरले. अशा सभागृहात विरोधकाची दुरुस्ती आवाजी मतदानात पडते. मजकूर खरोखर बदलतो तो मंत्री स्वतः सरकारी दुरुस्ती आणतो तेव्हा. विरोधक मात्र तुमचा मुद्दा कामकाजात नोंदवून ठेवतात, आणि पुढे नियम करताना किंवा न्यायालयात त्या नोंदीचा उपयोग होतो. दोघंही हवेत, पण वेगवेगळ्या कामासाठी.

कागद विचारार्थ घेण्याच्या आदल्या सकाळपर्यंत हातात पडायला हवा. दुरुस्तीची सूचना आमदाराला विधिमंडळ सचिवालयात आधी द्यावी लागते, सभागृहात उभं राहून सुचलं म्हणून चालत नाही. आवक शिक्क्याची पोच घ्या आणि ईमेलही करा.

ग्रामसभेचा ठराव उपयोगी आहे, पण वेळ साधला तर. सर्वसाधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधल्या रविवारी होतात. जुलैची ग्रामसभा पावसाळी अधिवेशनाच्या तोंडावर येते. विधेयकाची चाहूल लागली असेल तर विषय लेखी देऊन ठेवा. ठराव विधानसभेवर बंधनकारक नसतो. पंचायतीने तो मंत्र्याला पाठवला का, याचा जावक क्रमांक मात्र मागून घ्या. बरेच ठराव वहीतच राहतात.

माहिती अधिकाराचा अर्ज या टप्प्यावर कामाचा नाही. उत्तराला ३० दिवस, अधिवेशन त्याच्या आत संपतं. शिवाय मंत्रिमंडळाचे कागद निर्णय पूर्ण होईपर्यंत कलम ८ खाली नाकारता येतात. त्यापेक्षा जुनी एलएक्यू, म्हणजे विधानसभेतली प्रश्नोत्तरं, बघा. आमदारांच्या तारांकित, अतारांकित प्रश्नांची उत्तरं विधानसभेच्या संकेतस्थळावर असतात आणि खात्याने स्वतः दिलेले आकडे त्यात मिळतात. मंत्र्याच्या भाषणाशी हे आकडे जुळवून बघण्यासारखे असतात.

## ८. विचारार्थ घेण्याचा दिवस

थेट प्रक्षेपण असतं, घरी बसून बघता येतं. प्रेक्षक गॅलरीत जायचं तर विधिमंडळ सचिवालयाचं प्रवेशपत्र लागतं. आमदाराच्या कार्यालयातून मागितलं तर सोपं जातं. मूळ फोटो ओळखपत्र न्या. मोबाईल आत नेऊ देत नाहीत. फलक, घोषणा, टाळ्या चालत नाहीत, तो सभागृहाचा अवमान ठरू शकतो.

मंत्री ‘विचारात घ्यावे’ असा प्रस्ताव मांडतो. याच क्षणी विधेयक चिकित्सा समितीकडे (ते बारकाईने तपासणाऱ्या आमदारांच्या समितीकडे) पाठवण्याची किंवा जनमतासाठी प्रसृत करण्याची मागणी करता येते. तुमचा आग्रह तोच असेल तर आमदाराला आधी सांगून ठेवा. हा क्षण गेला की पुढे कलमवार वाचन सुरू होतं. ते विलक्षण वेगात जातं. सभापती ‘कलम २ विधेयकाचा भाग व्हावा’ असं म्हणतात, होय-नाहीचा आवाज, पुढचं कलम. कलम १ आणि शीर्षक शेवटी घेतात, तेव्हा गोंधळू नका. कोणी मतविभाजन मागितलं तरच कोणी कुठे मत दिलं ते नावानिशी नोंदलं जातं. आवाजी मतदानात तुमचा आमदार काय म्हणाला, ते कुठेच राहत नाही.

## ९. संमत झाल्यावर

विधेयक राज्यपालांकडे जातं. कलम २०० खाली ते संमती देऊ शकतात, राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात किंवा धन विधेयक नसेल तर संमती रोखून फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. सभागृहाने पुन्हा संमत केलं तर संमती रोखता येत नाही. केंद्रीय कायद्याशी टक्कर होत असलेल्या समवर्ती सूचीतल्या (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा) विषयांत राष्ट्रपतींच्या संमतीची वाट बघावी लागते आणि तिला वर्षं लागू शकतात.

राज्यपालांना निवेदन द्यायचं असेल तर राजकीय भाषणं नकोत. कोणतं कलम घटनेच्या किंवा केंद्रीय कायद्याच्या कोणत्या तरतुदीशी विसंगत आहे, तेवढंच लिहा.

संमती मिळाली की कायदा खात्याकडून तो राजपत्राच्या पहिल्या मालिकेत येतो. अंमलाची तारीख ‘सरकार ठरवेल ती’ असेल तर तेवढ्याने तो लागू होत नाही, वेगळी अधिसूचना लागते. ‘कायदा झाला’ म्हणून खात्यात अर्ज घेऊन जाणाऱ्यांना परत पाठवतात ते यामुळे.

आणि मग नियम. मूळ कायद्यात ‘पूर्वप्रसिद्धी’ची अट असेल तर नियमांचा मसुदा राजपत्रात येतो आणि सूचना-हरकतींना ठराविक दिवस मिळतात. काही कायद्यांत प्रत्येक निर्णयाआधीच अशी मुदत आहे: नगर नियोजन कायद्याच्या २०२४ मध्ये आलेल्या कलम ३९-ए खाली जमिनीचा विभाग बदलण्याआधी लोकांकडून सूचना मागवायला किमान ३० दिवस द्यावे लागतात. हे दिवस नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात, तुमच्या नजरेस पडल्यापासून नाही. म्हणून गावातल्या तिघा-चौघांनी वार वाटून घ्यावेत: एकाने दर गुरुवारी पहिली मालिका उघडायची, दुसऱ्याने रोज सकाळी असाधारण अंकांची यादी, तिसऱ्याने खात्याचं सूचनापान. सर्व्हे क्रमांक आणि गावाचं नाव, दोन्ही टाकून शोधायचं. गावाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग राजपत्रात दोन-तीन तऱ्हांनी येतं, ती सगळी एका कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवा.